हात पोचला नाही तिथे

घेवड्याच्या कुंडीतून एक डोळा तिच्याकडे टक लावून बघत होता!

ताईच्या हातातली झारी तिथल्या तिथे थबकली. मागच्या फरसबंद अंगणात नुकतं कुठे ऊन उतरत होतं, बांबूच्या काठ्यांवर चढलेल्या वेली वाऱ्याने जराशा हलत होत्या, आणि त्यांच्या मुळाशी, तिने स्वतः चाळून भरलेल्या त्या स्वच्छ काळ्या मातीतून, मासळीचं एक तुटकं डोकं अर्धं वर आलं होतं... शेजारच्या बोक्याने उकरलं असावं. पांढरट पडलेला डोळा, वासलेलं तोंड, कल्ल्यांत भरलेल्या मुंग्या आणि वर घोंगावणाऱ्या हिरव्या माश्या! अंगणाचं दार उघडतानाच तिला तो वास आला होता, पण मनाने तो मानला नव्हता. आता मात्र भिंतीला धरून ती कोपऱ्यातल्या मोरीपाशी ओणवी झाली आणि सकाळचा चहा तिने तिथेच ओकून टाकला.

"शी! शी! शी!" ती स्वतःशीच पुटपुटत राहिली. "सगळं सोडून आले, तरी इथेही पाठ सोडली नाहीस ना!"

हे ती कुणाला म्हणत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं. जुन्या कागदात धरून तिने ते डोकं उचललं, कचऱ्याच्या डब्यात टाकलं, आणि मग हात धुतले. साबणाने धुतले, मीठ लावून धुतले, लिंबाच्या फोडीने नखांच्या कडा चोळचोळून धुतले, आणि तरीही बोटं नाकाशी नेली. ही सवय तिला इतकी जडली होती, की झोपेतसुद्धा तिचा हात नाकाशी जायचा म्हणतात.

घरात माणसं तीन. ती, तिचा धाकटा भाऊ आणि भावजय. ताई राहायला आल्यापासून या घरात मासळी शिजली नव्हती, कुणी नावही काढत नव्हतं. मग हे डोकं आलं कुठून? आणि नेमकं तिच्याच कुंडीत, तिच्याच घेवड्याच्या मुळाशी? हा टोमणा नव्हता तर काय होतं! माणसाने आयुष्यभर जी गोष्ट अंगावरून खरवडून काढायचा प्रयत्न केला, तीच कुणीतरी तिच्या दारात पुरून ठेवावी... इतका नीचपणा!

आई गेली तेव्हा ताई शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती आणि धाकटा जेमतेम अक्षरं गिरवत होता. वडील त्याच्या आधीच गेलेले. धाकट्याला कुणा दूरच्या नातेवाइकाकडे ठेवायचं आणि तू आपलं शीक, असं चार मोठ्या माणसांनी सुचवलं. तिने दप्तर माळ्यावर टाकलं आणि मासे कापायच्या कारखान्यात नाव घातलं. खरं तर ही मुलगी जन्माचीच किळसखोर! दुधावरची साय पाहून नाक मुरडणारी, ओल्या फडक्याला चिमटीत धरणारी. अशा मुलीने पट्ट्यावरून सरकत येणारा मासा उघड्या हाताने धरायचा, पोट फाडायचं, अंगठ्याने आतडी ओढायची आणि पुढचा मासा घ्यायचा. पहिला महिनाभर तिला रोज ओकारी व्हायची. हातमोजे घातले की सुरी घसरायची, म्हणून मोजे कुणीच घालत नसे. पुढे पुढे तिचा हात असा चालायला लागला, की बरोबरच्या बायका तिला 'सुरीबाई' म्हणू लागल्या. किळस मात्र कमी झाली नाही. ती फक्त गिळायला शिकली.

घरी आलं की आधी लिंबू, मग धाकट्याला पोटाशी घेणं, मग स्वतःच्या हाताने त्याला घास भरवणं. 'चिमण्या' म्हणायची ती त्याला. एका कारकुनाचं चांगलं स्थळ चालून आलं होतं. पण धाकट्याला कुठे ठेवणार, या प्रश्नावर कारकुनाची आई गप्प राहिली, आणि ताईने ते स्थळ हसत परत पाठवलं. रडली असेल, तर ते कुणी पाहिलं नाही.

आणि मग शाळेतला तो बक्षिसाचा दिवस! धाकट्याचा पहिला नंबर आला होता. घरी जाऊन कपडे बदलावे तर समारंभ संपायचा, म्हणून ती कारखान्यातली पाळी सुटल्यासुटल्या रबरी बुटांनिशी, हातात त्याचा डबा घेऊन, थेट शाळेच्या फाटकाशी पोचली. धाकटा मित्रांच्या घोळक्यात उभा होता, छातीवर बिल्ला लावून. एका पोराने नाक दाबलं. "ईऽऽ, केवढा वास! ही कोण रे?"

धाकट्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्या पोराकडे.

"ती? ती आमच्याकडे मासे आणून देते."

ताईने डबा पहारेकऱ्याच्या हाती दिला आणि ती वळली. त्या संध्याकाळी तिने धाकट्याचं ताट वाढून टेबलावर ठेवलं, वर झाकण घातलं, आणि ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली. घास भरवायला नाही, पोळी पुढे करायला नाही. ज्याला आपली शिसारी येते त्याच्या तोंडाशी हात न्यायचा कशाला? हात दाखवून अवलक्षण! त्या दिवसापासून तिने धाकट्याला समोर बसून आपल्या हाताने कधी वाढलं नाही. ताट ठेवायचं आणि निघून जायचं. ना तो कधी काही बोलला, ना ती. 'चिमण्या' ही हाकही कुठेतरी गळून गेली.

धाकटा दातांचा डॉक्टर झाला. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण याचं भरलं, आणि चांगलं भरलं. कारखाना बंद पडल्यावर तो स्वतः येऊन ताईला आपल्या घरी घेऊन गेला, अंगणाकडे उघडणारी मागची खोली तिला दिली. मोठं मन दाखवलं, लोक म्हणाले. ताईलाही तसंच वाटलं, आणि म्हणूनच ती अधिक अंग चोरून राहू लागली. स्वयंपाकघरात फक्त स्वतःचा कप विसळण्यापुरती. लोकांच्या किडक्या दाढांत दिवसभर बोटं घालणाऱ्या माणसाला कशाचीच किळस नव्हती, फक्त आपल्या हाताची होती, हे शल्य तिच्या अंतःकरणात खोल रुतून बसलं होतं.

मग तिच्या डोक्यात घेवडा आला. बियांच्या पाकिटावरचं चित्र बघूनच आला, दुसरं कारण नाही! लालभडक फुलं आणि हातभर लांब शेंगा. तिला वाटलं, हे मातीतलं आहे, हिरवं आहे, याचा मासळीशी काडीचा संबंध नाही. हे मी पेरीन, वाढवीन, एक दिवस तोडून शिजवीन, आणि त्या दिवशी, एकदाच, आपल्या हाताने त्याच्या ताटात वाढीन. तो खाईल. बस, एवढंच! मरताना मग काही मागायचं उरणार नाही.

पण बागकामाचं तिला ओ की ठो कळत नव्हतं. वेल काठीभोवती आपल्या मर्जीने उजवीकडून चढायची, ही बाई तिला रोज सोडवून डावीकडून गुंडाळायची, आणि दुसऱ्या दिवशी वेल पुन्हा आपली उजवीकडे! आणि किळसवाणे प्रकार तर किती! पाऊस पडून गेला की कुंडीच्या कडेने गोगलगाई निघायच्या, बिनशंखाच्या, बोटभर, मागे चकाकता चिकट माग सोडत. त्यांना काडीने उचलताना तिच्या मणक्यातून शिरशिरी जायची. कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा बसायचा, इतका दाट, की देठ दिसेनासा व्हायचा. तो चिमटीत पुसला की बोटांना हिरवट काळा चिकटा लागायचा. "मासे परवडले गं बाई, ते मेलेले तरी असायचे!" असं ती एकदा बोलून गेली आणि स्वतःच दचकली.

फुलं मात्र आली. लाल, झुबक्याझुबक्यांनी. आणि त्या दिवसापासून ताईला एक नवीनच भीती खायला लागली. आपण रोज या वेलींना हात लावतो, आपल्या हातांत मुरलेला तो वास या फुलांना लागला तर? मग शेंगेला लागेल, मग भाजीला... धाकटा पहिल्याच घासाला ताट सारेल! म्हणून तिने पिचकारीची बाटली आणली, तीत लिंबू पिळलं, आणि रोज सकाळ-संध्याकाळ, हात पोचेल तिथवरचं एकेक फूल ती त्या लिंबूपाण्याने धुऊ लागली. रोज सकाळी फरशीवर लाल फुलांचा सडा पडायचा. शेंग एकही नाही. ती फुलं सुपात भरायची आणि सुपाकडे बघत बसून राहायची. जास्त लिंबू पिळायची.

आणि आता हे मासळीचं डोकं!

ती तरातरा स्वयंपाकघरात गेली. भावजय उभ्याउभ्याच न्याहारी करत होती. दवाखान्याची वेळ झाली होती, तिथला दर्शनी टेबलाचा कारभार तिच्याकडे असे. धाकटा पुढे निघून गेला होता.

"माझ्या कुंडीत घाण कुणी पुरली?" ताईने दारातूनच विचारलं.

"घाण? कसली घाण, ताई?"

"मासळीचं डोकं! मी कोण होते ते माहीत आहे मला, कुणी आठवण करून द्यायला नको!"

भावजयीचा घास हातात राहिला. ती मनाने वाईट नव्हती, पण जीभ तिखट होती, आणि तिचेही दिवस त्या आठवड्यात फार बरे चालले नव्हते.

"मला वेड लागलंय का, ताई? मासळीचा वास मला इथे येत नाही, तिकडे दवाखान्यात येतोय! काल एक बाई खुर्चीतून उठून गेल्या. 'डॉक्टर मासळीबाजारातून आलात का?' म्हणाल्या. मी लाजेने मेल्याहून मेल्यासारखी झाले. यांना विचारलं, तर हे गप्प! आता तुम्हीच सांगा, हा वास या घरात आला कुठून?"

एवढं बोलून ती गेली. तिने सहज विचारलं असेल. पण ताईच्या कानांत ते शब्द उकळत्या तेलासारखे पडले. हा वास या घरात आला कुठून? कुठून येणार! आपल्याच अंगातून... भांड्यांतून, टॉवेलातून, दाराच्या कड्यांतून तो त्याच्या हातांपर्यंत पोचला असणार. आयुष्यभर ज्याला जपलं, त्याच्या पोटापाण्यावरच आपला वास उठला! आणि म्हणूनच कुणीतरी, कदाचित त्यानेच, न बोलता सांगितलं असेल, की ताई, तुझं सगळं हे असं आहे, आता तरी ओळख. तिला स्वतःच्या हातांची इतकी शिसारी आली, की ते तोडून टाकावेसे वाटले.

त्या दिवशी तिने वेलींना पाणी घातलं नाही, लिंबूही मारलं नाही. पिशवी भरली. कारखान्यातल्या एका जुन्या मैत्रिणीने 'केव्हाही ये' म्हटलं होतं. उद्या सकाळी घर उठायच्या आत निघायचं, असं तिने ठरवलं.

सकाळी फटफटलं तशी ती पिशवी घेऊन अंगणाच्या दाराशी आली, आणि तिथेच खिळली.

कुंडीपाशी कुणीतरी गुडघे टेकून बसलं होतं. दवाखान्याचा पांढरा सदरा, बाह्या कोपरापर्यंत वर. शेजारी कागदाची पुडी उघडी, त्यात माशांची आतडी, कल्ले, शेपट्या. धाकटा! तोंड एका बाजूला वळवून, डोळे घट्ट मिटून, तो उघड्या हाताने ती बिलबिलीत घाण मातीत दाबत होता, आणि दर मुठीला त्याला उमासा येत होता. एकदा तर तो धावत मोरीपाशी गेला, ओकला, चूळ भरली, सदऱ्याच्या बाहीला तोंड पुसलं आणि परत येऊन बसला. पुडीत हात घातला.

ताईच्या हातातली पिशवी खाली पडली. त्या आवाजाने त्याने मागे पाहिलं आणि चोरी पकडलेल्या मुलासारखे दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"तू?" ती कशीबशी म्हणाली. "तू पुरत होतास?"

"तू... तू लवकर उठलीस आज."

"का पण? काय मिळवलंस असं करून?"

"फुलं गळतात ना तुझी." तो खाली बघत म्हणाला. "रोज बघतो मी वरच्या खिडकीतून. सूप घेऊन बसतेस. एक पेशंट म्हणाला, मासळीचं खत घाला, शेंगा लगडतील. तुला विचारलं असतं, तर तू घालू दिलं नसतंस. मासळीचं नाव काढलेलं तुला चालत नाही."

 ताई त्याच्या सदऱ्यावरच्या डागाकडे बघत राहिली. ओल्या आतडीचा डाग. तो धुण्याने जात नाही, हे तिला ठाऊक होतं.

"अरे, मग मोजे तरी घालायचे होतेस! दिवसभर तर घालतोस!"

"तू घातले होतेस का कधी?"

 मग इतकी वर्षं कोंडून ठेवलेलं त्याचं काहीतरी फुटलं.

"मला बघायचं होतं, ताई, कसं वाटतं ते. पहिल्या दिवशी बोट लावलं आणि ओकलो. आज आठवा दिवस, अजून ओकतो. आणि तू... तू हे मला शिकवायला करत होतीस, आणि मी त्या फाटकाशी उभा राहून म्हणालो की... की तू..."

"पुरे! बोलू नकोस ते."

"बोलू दे! त्या दिवशी घरी आलो तेव्हा वाटलं होतं, तू मारशील. मारायला हवं होतंस गं! तू फक्त ताट ठेवलंस आणि बाहेर गेलीस. घास भरवला नाहीस. मला कळलं, ताईला माझी किळस आली. आणि यावी अशीच होती ती! पुन्हा कधी तुझ्याकडे मागायचं तोंडच राहिलं नाही मला."

"माझी किळस तुला आली, असं मला..." ताईने स्वतःच्या हातांकडे पाहिलं.  "तुला माझ्या हाताची शिसारी येते, म्हणून मी वाढत नव्हते रे! इतकी वर्षं... देवा, इतकी वर्षं आपण दोघं एकमेकांपासून हात लपवत बसलो?"

ती फरशीवर बसली आणि तोंडाला पदर न लावता, अगदी मोठ्याने, लहान पोरीसारखी रडली. धाकटा जवळ आला, पण हात पुढे करेना. त्याचे हात कोपरापर्यंत भरले होते.

बऱ्याच वेळाने, खांद्याला डोळे पुसता पुसता, त्याची नजर वर गेली.

"ताई, या शेंगा कुणाच्या?"

"कुठल्या शेंगा? एक लागली नाही मेली."

"अगं, वर बघ की!"

वेल काठी संपल्यावर पन्हाळ्याच्या नळीला धरून वर गेली होती, पार खिडकीच्या गजापर्यंत. आणि तिथे, पानांच्या आड, लांबलचक हिरव्या शेंगा लोंबत होत्या. एक नाही, चांगल्या ओंजळभर! ताई बघतच राहिली. आणि मग तिच्या लक्षात आलं, की त्या सगळ्या तिचा हात पोचत नव्हता तिथे लागल्या होत्या. जिथे तिचा हात फिरला, तिथे काही नाही.

"बघ," ती कडवटपणे म्हणाली. "वेलीलासुद्धा कळलं."

"काय कळलं? खाली काय करतेस तू रोज त्या बाटलीने?"

"लिंबू मारते. वास लागू नये म्हणून... माझ्या हाताचा."

रडता रडताच धाकट्याला हसू फुटलं. "लिंबू? फुलांवर? रोज? अगं, दातांवर रोज लिंबू चोळलं तर दात झिजतात, सांगून सांगून माझा घसा बसतो, आणि तू त्या नाजूक फुलांना चोळतेस! मधमाशी कशाला फिरकेल तिथे? तुझ्या हाताचं काही नाही गं, वेडे! लिंबाचं आहे सगळं!"

म्हणजे तिने लिंबाने फुलं मारली होती, आणि त्याने ज्या मुळांना काही नको होतं, त्यांना आठ दिवस मासे भरवले होते. शहाण्यांचं घर होतं ते एकूण!

शिडी लावून त्याने शेंगा तोडल्या, तिने पदरात झेलल्या. भावजय दारात येऊन उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. तिचे डोळे लाल दिसत होते. तिने ताईची पडलेली पिशवी उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. "आज दवाखाना उशिरा उघडू," एवढंच ती जाता जाता म्हणाली.

ताईने शेंगांचे दोरे काढले, चिरल्या, मऊ शिजवल्या, मीठ घातलं. ताट वाढून टेबलावर ठेवलं, आणि सवयीने ती बाहेर जायला वळली.

"वाढ ना, ताई."

ती थांबली. परत आली. वाढायच्या डावाकडे गेलेला हात तिने मागे घेतला आणि उघड्या हाताने भाजीचा घास उचलून त्याच्या तोंडाशी नेला. दोन तुकडे ताटात पडले. धाकट्याने घास घेतला, चावला, आणि एकदम थांबला. नाक आक्रसलं.

"ताई... वास येतोय गं."

तिने हात झटकन मागे घेतला. 

"तुझ्या हाताला नाही," तो घाईघाईने म्हणाला आणि त्याने आपले दोन्ही हात टेबलावर तिच्यासमोर पालथे घातले. घासून घासून लाल झालेले, नखांच्या कडा सोललेले. "माझ्या. तीन वेळा धुतले, साबणाने, मिठाने, लिंबाने. जातच नाही."

ताईने त्याचा एक हात उचलला. नाकाशी नेला. तोच तो वास, तिच्या तरुणपणाचा, तिच्या आयुष्याचा. आणि पहिल्यांदाच तिला त्याची किळस आली नाही.

"नाही जात तो, चिमण्या," ती म्हणाली. "लिंबं वाया घालवू नकोस. आ कर."